नागूची बंडी

बंडीचं तिसरं बटण निघेना. वरची दोन पदूने सहज काढली होती, पण हे पोटाजवळचं काजात असं अडकून बसलं होतं, जणू मेलेल्या माणसाची लाज राखायचं काम त्याच्यावरच सोपवलं होतं. अंगणात पाट मांडला होता, पाटावर बाप होता, आणि चुलीवरून उतरवलेल्या पाण्याच्या वाफा माघातल्या सकाळी सगळ्यांच्या तोंडावर येत होत्या. गोमाकाका, बापाचे धाकटे भाऊ, पायांवर पाणी ओतता ओतता म्हणाले, "फाड रं. आता कुणाला घालायचीय ती?" म्हणणं खरं होतं. पण पदूच्या हातून बापाची बंडी फाडली जाईना. त्याने बोट घालून काज मोठं केलं, बटण सुटलं, बंडीच्या दोन्ही बाजू ओल्या होऊन बगलांकडे घसरल्या, आणि छत्तीस वर्षांत पहिल्यांदा पदूने आपल्या बापाची छाती पाहिली. तिथे दोन लहान, मऊ, खाली कललेले स्तन होते. पांढऱ्या केसांतून वर आलेले, बाईच्या अंगावर असतात तसे, थोडे थकलेले. भोवतीची कातडी इतकी गोरी की गळ्यापासून वर आणि दंडापासून खाली उन्हात रापलेला काळा बाप वेगळा आणि बंडीच्या आकाराचा हा आतला गोरा बाप वेगळा. पदूच्या कानात सूं करून काहीतरी गेलं. डोक्याने काही ठरवायच्या आधीच हाताने नवं कापड ओढून छातीवर टाकलं होतं. "कापडावरनंच पाणी टाका," तो म्हणाला. गोमाकाकांनी वर पाहिलं, पोराला दुःखाने भोवळ आली असं समजून त्याचा खांदा दाबला. खांदा दाबताच पदू आक्रसला, कारण सदऱ्याखाली त्याने दोन बनियनं घातली होती, आणि त्या दोन बनियनांखाली तेच होतं.

नागूची बंडी हा गावात पिढीभर चाललेला विषय होता. लावणीच्या दिवसांत सगळे बाप्ये लंगोटीवर चिखलात उतरायचे, आणि नागू जाडजूड बंडी घालून, चारी बटणं लावून. झोडणीत कोंड्याने अंग खाजायचं, लोक सदरे काढून भिरकावायचे, नागू तसाच. कुणी म्हणे आतल्या खिशात त्याच्या आजीच्या पुतळ्या शिवलेल्या आहेत. कुणी म्हणे नवस आहे. कुणी म्हणे पाठीवर कोड आहे. गावाचं तोंड कुणी धरावं! नागूने कशाचाच खुलासा केला नाही, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात तशी ती बंडी हळूहळू अब्रूदार होऊन गेली. लग्नाकार्यात लोक 'बंडीवाले नागूदादा' म्हणून मान द्यायला लागले. पदूलाही बापाची आठवण म्हणजे ती बंडीच: तिचा घामट वास, तंबाखूचा खिसा, तिच्यावर डोकं टेकलं की बाप हाताने बाजूला सारायचा ते. लहानपणी त्याला वाटायचं, बापाला आपण जवळ गेलेलं आवडत नाही. आता चितेच्या धुराने डोळे चुरचुरत असताना त्याला कळत होतं की बापाला भीती वाटायची. एवढंच होतं ते. इतका मोठा माणूस, पोराच्या डोक्याला भ्यायचा. आणि हे कळून त्याला हलकं वाटायला हवं होतं, तर उलट छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं झालं. अग्नी त्यानेच दिला. त्या घाईगर्दीत आणि रडारडीत ओल्या पंच्याखाली त्याची बनियनं तशीच राहिली, कुणाच्या लक्षात आलं नाही.

तेरा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. गावाखालच्या डोहात पोरं उड्या मारत होती. पदूही मारत होता, त्याला स्वतःच्या अंगाचं काही वेगळं आहे हे ठाऊक नव्हतं. दोन-चार महिने छाती ठणकत होती एवढंच. तो पाण्यातून वर आला, खडकावर उभा राहिला, आणि कुणीतरी ओरडलं, "आयला, हिचं बघा! पदी गं पदी, लुगडं कुटं टाकलंस?" एकाने येऊन चिमटा काढला. खूप दुखलं. पण दुखण्याआधी जे झालं ते पदूच्या अंगात अजून जिवंत होतं: दोन्ही हात आपोआप वर आले आणि फुली मारल्यासारखे छातीवर बसले. ते हात तेव्हापासून खरे कधी खाली आलेच नाहीत. वरच्या अंगाला बाप बैल धूत होता. त्याने सगळं पाहिलं, सगळं ऐकलं. पोरांना शिवी घालील, एकाच्या पाठीत धपाटा घालील, म्हणून पदूने त्याच्याकडे पाहिलं. बापाने बैलाची पाठ चोळत मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी बाजाराचा वार नसताना तो कशेळ्याला चालत गेला आणि दिवेलागणीला परत येऊन दोन बनियनं पदूच्या मांडीवर टाकली. मापाने लहान, अंगाला करकचून बसणारी. "दोन्ही घाल. काढू नको." एवढं बोलताना त्याने पदूच्या तोंडाकडे पाहिलं नाही. ते न पाहणं पदूने तेवीस वर्षं जपलं. शिवी विसरता येते, मार विसरता येतो. बापाला आपली किळस आली, हे कुठे ठेवणार?

मग तो अंग सांभाळायला शिकला, लोक चोरीचा माल सांभाळतात तसं. भिवपुरीच्या वीजघरात नोकरी लागली, चाळीत खोली मिळाली, रजिस्टरवर पद्माकर असं नाव चढलं. यंत्रांच्या हॉलमध्ये उन्हाळ्यात भट्टी व्हायची, सगळे उघडे व्हायचे, आणि पदू पूर्ण बाह्यांचा खाकी सदरा गळ्यापर्यंत लावून नटबोल्ट पिळत राहायचा. घाम दोन बनियनांत मुरून पाठीला घामोळं यायचं, पिकायचं. चालताना खांदे पुढे घ्यायचे म्हणजे सदरा पुढून सैल राहतो, हे त्याने शोधून काढलं होतं. धावायचं नाही. जिना उतरताना घाई करायची नाही. वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं नाही. लग्नात हळदीच्या दिवशी ताप आल्याचं सांगून हातापायांवर आणि गालांवर निभावलं. एकदा, फार वर्षांपूर्वी, तो कुणाला न सांगता कल्याणला एका डॉक्टरकडे गेला होता. म्हातारा डॉक्टर, भला माणूस. त्याने तपासलं आणि म्हणाला, "बाबा रे, याला औषध नाही, कारण हा रोगच नाही. कित्येकांना असतं. घरी जा, जेव." पदू बाहेर आला आणि त्याला रडायला आलं. रोग असता तर बरं झालं असतं. रोगाचं तोंड तरी दाखवता येतं. आणि जना. बायको म्हणून चौदा वर्षं नांदलेली जना सुरुवातीला एकदाच म्हणाली होती, "माज्यासंगं बी बनियन घालूनच?" तो कुशीवर वळला, आणि तिने पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर ती बनियनं धुऊन, दोन्ही एकात एक घडी घालून, खुंटीवर ठेवायची. तिला काय वाटतं हे त्याने कधी विचारलं नाही, कारण ती सांगेल याची भीती होती.

दहावा जवळ येऊ लागला तसा पदूला घास गिळवेना. गाव म्हणालं, बापावर जीव होता. कर्जतहून दत्तोपंत भटजी दिवस सांगायला आले तेव्हा त्याने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "गुरुजी, थंडी आहे. अंगात काही घातलं तर चालंल ना?" दत्तोपंतांनी चष्म्यावरून पाहिलं. "शिवलेलं वस्त्र चालायचं नाही. नेसूचं एक आणि खांद्यावर उपरणं. तेही ओलं. नदीत बुडी मारून बसायचं असतं, पद्माकरराव. बापासाठी एवढं सोसायचं." ओलं उपरणं. पदूच्या डोळ्यांसमोर ते आलं: पातळ पांढरं कापड, अंगाला चिकटलेलं, त्यातून दिसणारं सगळं. आणि समोर गाव. त्या डोहात ओरडणारी पोरंही आता चाळिशीला आलेली, मिशा राखून पुढच्या रांगेत बसणार. बाप यातून कसा सुटला असेल? मग आठवलं, आजा वारला तेव्हा बाप तापाने पडला होता, आणि क्रियेला गोमाकाका बसले होते. गाव तेव्हा बोललं होतं, थोरला असून बापाच्या दहाव्याला बसला नाही. तापाने! पदूला हसू आलं. बापाची एकेक गोष्ट आता उलटी होऊन दिसत होती, आणि प्रत्येक गोष्टीच्या मागे तोच मऊ, गोरा तुकडा होता. मीही तेच करणार, त्याने ठरवलं. मलाही धाकटा भाऊ आहे.

कान्हा त्याच्याहून सोळा वर्षांनी लहान. मधली तीन गेली होती. पदू भिवपुरीला गेला तेव्हा हा पोर नाक पुसत होता, त्यामुळे भावापेक्षा पाहुण्यासारखंच दोघांचं नातं. गणपतीला, शिमग्याला यायचं, "खांदे ताठ ठेव की रं, म्हाताऱ्यावानी काय चालतोस" म्हणून त्याला टोकायचं, आणि परत जायचं. शेती तोच बघायचा. नवव्या दिवशी संध्याकाळी पदू त्याला शोधत वालाच्या शेतात गेला. भात निघून गेल्यावर त्या ओलीवर वाल उभा होता, शेंगा भरल्या होत्या, आणि कान्हा उन्हं उतरली तरी गळ्याचं बटण लावून बांधावर बसला होता.

"कान्हा, उद्या तू बस."

"कुटं?"

"क्रियेला. माजी कंबर धरलीय. मला वाकवत नाय."

कान्हाने शेंग तोडली, सोलली, दाणे हातात तसेच ठेवले. "तू अग्नी दिलायस. तूच थोरला हायस."

"अरं, गुरुजींना सांगतो मी. चालतं."

"मी नाय बसणार, दादा."

"बापासाटी एवढं नाय होत तुज्यानं? एवढी वर्सं त्याच्या जिवावर खाल्लंस."

हे बोलू नये असं बोलला, आणि बोलल्याबरोबर कळलं. कान्हाचा चेहरा वालाच्या पाल्यासारखा हिरवट झाला. "नाय म्हंजे नाय," तो ओरडला, "मारून टाक मला, पण मी नाय बसणार!" आणि दाणे मातीत फेकून बांधाबांधाने निघून गेला, खांदे पुढे घेऊन. पदूला इतका राग आला की त्याला पुढचं दिसेना. बांधापलीकडे गोमाकाका बैल घेऊन उभे होते हे त्याने नंतर पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि शेतकरी माणसाला दोन भाऊ भांडताना ऐकू आले की एकच गोष्ट कळते. दिवेलागणीच्या आत गावभर झालं: नागूची पोरं क्रियेला बसायला तयार नाहीत. का? तर जो बसेल त्याला, कावळा अडून बसला की, बापाला शब्द द्यावा लागणार, जमीन वाटणार नाही म्हणून. दोघांनाही शब्द नको आहे. दोघांनाही वाटणी हवी आहे. कलियुग!

आई कोपऱ्यात बसली होती. येसूबाईच्या कपाळावरचं कुंकू गेल्यापासून ती एकदम लहान दिसायला लागली होती. पदू तिच्याजवळ जाऊन बसला. शेजारी बापाची बंडी धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेली होती. तिने ती जाऊ दिली नव्हती.

"आये," तो म्हणाला, "बाबा ही कवा काडायचं नाय, ते का गं?"

येसूबाईने त्याच्याकडे पाहिलं. "आंगूळ तू घातलीस, आनि मला इचारतोस?"

पदूची मान खाली गेली.

"लगीन झालं, तवा मला म्हनला, येसू, माज्या आंगाला हसू नको. मी सोळा वर्साची. मी कशाला हसू? मला तर बाप्याचं आंग कसं असतं त्येच ठावं नव्हतं. मी म्हनलं, आसल असंच." ती थोडी हसली, नवव्या दिवशी, आणि पदराने तोंड पुसलं. "मग तू तेरा वर्साचा झालास. तुला कशेळ्याहून बनियनं आनून दिली, आनि पडवीत जाऊन बसला. जेवला नाय. रडला. त्याला मी दोनदाच रडताना बगितला. म्हनला, पोराला माजं आलं गं. मी म्हनलं, आलं तर आलं, त्याला जवळ घ्या, सांगा काय त्ये. तर म्हनला, कंच्या तोंडानं सांगू? त्याच्याकडं बगवत नाय."

"मला वाटलं..." पदू बंडीकडे बघत म्हणाला.

"तुमी तिघं बी सारकंच," येसूबाई म्हणाली. "तोंडातनं शबुद निगत नाय. पाटीला पाट लावून बसायचं, आनि जलम काडायचा." असं म्हणून तिने बंडी मांडीवर घेतली आणि ती उलगडून पुन्हा तशीच घडी घातली. पदूच्या डोक्यात एकच वाक्य फिरत राहिलं: त्याच्याकडं बगवत नाय. तेवीस वर्षं त्याने त्या न पाहण्याचा एक अर्थ धरून ठेवला होता, त्यावर सगळा जन्म रचला होता, आणि तो अर्थच चुकीचा होता. बापाला किळस नव्हती आली. बाप आरशात बघायला भ्याला होता. पण अर्थ बदलला म्हणून अंग थोडंच बदलतं? उद्याचं ओलं उपरणं होतं तिथेच होतं. सकाळी कंबरेचं सोंग करायची त्याला हिंमत झाली नाही, एवढंच. गाव आधीच टपून बसलं होतं.

नदीवर न्हाव्याने दोघांची डोकी केली. कान्हा दूर जाऊन बसला, मानेपासून गुडघ्यापर्यंत जाड टॉवेल गुंडाळून. पदूने सदरा काढला, बनियनं काढली. झुडपाआड काढली, आणि काढताना पाठीवरची घामोळ्याची कातडी त्यांच्याबरोबर सुटली. वाऱ्याचा पहिला स्पर्श छातीला झाला आणि अंगावर सरसरून काटा आला. त्याने उपरण्याचे दोन वेढे घेतले, टोक काखेत दाबलं आणि पाण्यात बुडी मारली. बाहेर आला तेव्हा कापड कातडीला चिकटलं होतं, त्याच्या डोळ्यांसमोर आलं होतं तसंच सगळं दिसत असणार, पण खाली पाहायचा धीर होईना. पुढे वाकून बसला. दत्तोपंत मंत्र सांगत होते, तो म्हणत होता, आणि प्रत्येक वेळी पळीभर पाणी सोडायला उजवा हात पुढे गेला की काख सैल व्हायची आणि टोक एकेक बोट सुटायचं. बापाच्या आत्म्याला पाणी सोडायचं की टोक धरायचं? मागे गाव होतं. गाव बोलत होतं. ते जमिनीबद्दल बोलत होतं, पण पदूला प्रत्येक कुजबुज पाठीवरून पुढे छातीकडे सरकताना जाणवत होती.

पिंड नेहमीच्या जागी, पाण्यातल्या सपाट खडकावर ठेवला. पलीकडच्या उंबरावर कावळे होते. चांगले सात-आठ होते, आणि एकही हलेना. सगळे हात जोडून उभे राहिले. ऊन चढू लागलं. गोमाकाका पुढे झाले. "म्हन, आयेला संबाळीन." पदू म्हणाला. कावळा हलला नाही. "म्हन, कान्हाचं लगीन करून देईन." तेही म्हणाला. "म्हन, जिमीन वाटनार नाय." पदूने तोही शब्द दिला, मनापासून दिला, त्याला जमीन नकोच होती. कावळ्यांनी पंख फडफडवले आणि पुन्हा मिटले. मागे कुणीतरी "च्च" केलं. आणि तेवढ्यात पदूने नदीचा आवाज बदललेला ऐकला. वरून वीजघराचं पाणी सुटलं होतं. ही नदी माघातसुद्धा वाहते ती त्या पाण्यावर, आणि हॉलमधली यंत्रं फिरायला लागली की इथे किती चढतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पिंडाच्या खडकाची कड ओली झाली होती. थोड्या वेळात पिंड वाहून जाणार. कावळा शिवला नाही आणि पिंड पाण्यात गेला, असा नागू जन्मभर, म्हणजे मेल्यावरही, गावाच्या तोंडी राहणार.

"दर्भ काढतो," दत्तोपंत म्हणाले. "दर्भाचा कावळा करून शिववतो. शास्त्रात आहे."

"थांबा, गुरुजी," गोमाकाका तापले होते. "एकाच पोराच्या शब्दावर नाय यायचा तो. धाकटा मागं का लपलाय? ए कान्हा! ये फुडं. बुडी मार आनि बापाला शबुद दे."

कान्हा हलला नाही. गोमाकाका ताडताड गेले आणि त्याला दंडाला धरून पाण्याकडे ओढत आणलं. "टावेल काड. टावेल लावून कुनी बुडी मारतं का? नवरी हायस?" लोक हसले. दहाव्याला हसू नये, पण हसले. गोमाकाकांनी टॉवेलचं टोक धरलं, आणि कान्हाचे दोन्ही हात वर आले आणि फुली मारून छातीवर बसले.

पदूने ते हात पाहिले.

ते त्याचेच होते. तेवीस वर्षांपूर्वी डोहाच्या खडकावर वर आलेले त्याचे हात. पुढे घेतलेले ते खांदे, गळ्यापर्यंत लावलेलं ते बटण, "मारून टाक मला, पण मी नाय बसणार" — आणि आई काय म्हणाली होती? तुमी तिघं. तिघं! मी ह्याला ताठ चाल म्हणून टोकत होतो. काल मी ह्याला पुढे ढकलत होतो, माझ्या जागी, ह्या दगडावर. वरच्या अंगाला बाप बैल धूत उभा आहे असं वाटलं. मान खाली, बैलाची पाठ चोळतोय, चोळतोय, चोळतोय. टॉवेलचं एक टोक गोमाकाकांच्या हातात आलं होतं. कान्हाच्या ओठांचा रंग गेला होता.

पदू उठला. काखेतलं टोक सोडलं. ओलं उपरणं एकदम गेलं नाही, चिकटलेलं होतं. ते त्याला दोन्ही हातांनी छातीवरून सोलून काढावं लागलं, आणि तेवढा वेळ तो काय करतोय ते सगळ्यांनी पाहिलं. मग तो वळला, गावाकडे तोंड करून. भर उन्हात. काळे हात, काळी मान, आणि मधे ते गोरं, मऊ, जन्मभर दडवलेलं. हसणं तुटलं. त्याचे हात वर यायला बघत होते, आणि तो ते मुठी वळून खाली धरून होता. बघा, तो मनात म्हणत होता, बघा, बघून घ्या एकदा. पुढच्या रांगेतल्या मिशीवाल्याने मान खाली घातली.

"काका," पदूचा आवाज चिरकला, "सोडा त्याचा टावेल. काय बगायचं आसल तर हितं बगा."

गोमाकाकांच्या हातून टोक गळून पडलं. पदू पाण्यातून कान्हाजवळ गेला आणि पिंडाकडे तोंड करून उभा राहिला. शब्द द्यायचा असतो तो काकांनी सांगितलेला नसावा, आपला असावा, एवढंच त्याला सुचलं. "बाबा," तो म्हणाला, मोठ्याने, कारण हळू बोलला असता तर बोलणं झालंच नसतं, "तुमचं मला आलंय. आसू दे. तुमी बगितलं नाय, मी बी कुनाला बगू दिलं नाय. पर आता ह्याला एकला पडू देनार नाय. शबुद देतो."

कान्हा त्याच्याकडे पाहत होता. तोंडाकडे नाही, छातीकडे. आणि त्या पाहण्यात हसू नव्हतं, किळस नव्हती. तहानलेला माणूस पाण्याकडे पाहतो तसं होतं ते. पदूने ते सोसलं. मग कान्हाने फुली सोडली. टॉवेल पाण्यात पडला, प्रवाहाला लागला आणि कुणी तो धरायला गेलं नाही. कान्हाच्या अंगावरही सदऱ्याचा गोरा आकार होता, आणि त्यात तेच. दोघांनी एकदमच बुडी मारली.

"शिवला! शिवला!" वरच्या बांधावरून बाया ओरडल्या. सगळ्यांनी माना वळवल्या. पिंडाचा एक कोपरा गेला होता, शितं खडकावर पसरली होती आणि कावळा उंबराकडे परतत होता. तो केव्हा आला, केव्हा शिवला, पुरुषांतल्या एकानेही पाहिलं नव्हतं; सगळ्यांचे डोळे दुसरीकडे होते. लगेच पाणी चढलं आणि उरलेलं घेऊन गेलं. दत्तोपंतांनी हातातला दर्भ टाकून दिला. गोमाकाका घसा खाकरून लोकांकडे वळले. "बोल्लो नवतो? जिमिनीचाच शबुद पायजे हुता त्याला." लोकांनी माना डोलावल्या. गावाला त्याची गोष्ट मिळाली होती. मागून एक दबलेलं हसू आलंच. पदूच्या मानेवर ते गरम तेलासारखं पडलं, हात पुन्हा उचलले गेले, छातीपर्यंत आले, आणि त्याच हातांनी त्याने डोक्यावरचं पाणी निपटून काढलं.

जना बांधावरून खाली आली. तिच्या माहेरच्यांनी दुखवट्याचे कपडे आणले होते, ते तिने हातांवर धरले होते. वर टोपी, खाली सदरा, आणि सदऱ्याखाली नवी बनियनं. दोन. ती माहेरच्यांनी आणलेली नव्हती. जनाने स्वतः कर्जतला जाऊन आणली असणार, एकात एक घडी घातलेली, करकचून बसतील अशा मापाची. त्या एका प्रश्नानंतर चौदा वर्षांत ती याबद्दल एका शब्दाने बोलली नव्हती. आता ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिने त्याच्याकडे पाहिलं, उजेडात, पहिल्यांदा. पदूला वाटलं, गाव सोपं होतं. हे अवघड आहे. तिचे डोळे त्याच्या छातीवर थांबले, मग ती बाजूला सरकली तसे पाठीवर उसवलेल्या घामोळ्याकडे गेले, आणि ते भरून आले. तिने बनियनं काढून सगळ्यांच्या खाली सारली, मग पुन्हा वर काढली. तिचं तिलाच ठरेना.

"ऊन लागंल वो," ती म्हणाली. "तितं कवा लागलं नाय तुमाला."

कान्हा मागून येऊन शेजारी उभा राहिला होता, ओला, उघडा. तो पदू काय करतो ते बघत होता.

"लागू दे," पदू म्हणाला, आणि दोघे भाऊ तसेच घराच्या वाटेला लागले.